घोडके मास्तरांनी राखून ठेवलेला निकाल

घोडके मास्तरांनी मला पहिल्याच भेटीत साडेअकरा मार्क दिले. शंभरपैकी.

मी त्यांच्या हातात आम्हा गल्लीकरांचं पत्रक ठेवलं होतं. ‘रविवारची सकाळ माणसांची, सायलेन्सरची नव्हे!’ मथळा माझा होता आणि मला तो फार आवडला होता. मास्तरांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, खिशातलं लाल पेन काढलं, दुकानाच्या पायरीवर बसून पत्रक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, समासात तीन ठिकाणी ‘कारण?’ असं लिहिलं, खाली रेघ मारून मार्क टाकले आणि कागद मला परत दिला.

“अर्धा मार्क कशाचा?” मी विचारलं. मी तापलेच होते.

“कागद स्वच्छ आहे,” मास्तर म्हणाले. “पुढच्या वर्षी बसा.”

मास्तरांनी आयटीआयमध्ये तीसेक वर्षं मोटार मेकॅनिकचा वर्ग शिकवला. निवृत्त झाले, वर्ग सुटला, पेपर तपासणं सुटलं नाही. आता कसबा पेठेत आमच्या गल्लीत त्यांचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान आहे आणि त्याच्याच मागच्या खोलीत ते राहतात. तिथून ते जगाला मार्क देतात. कोपऱ्यावरच्या चहाला तेहतीस. गल्लीतल्या रस्त्याला शून्य, फेरतपासणीतही शून्य. तालमीच्या गणपतीच्या आरासीला एकोणतीस, ‘विषयांतर’ असा शेरा मारून. तरुणपणी म्हणे ते मुलगी बघायला गेले होते. मुलीच्या वडिलांनी विचारलं, कशी वाटली? मास्तर म्हणाले, “साठ.” त्यांच्या हिशेबी ही प्रथम श्रेणी होती. आयुष्यात त्यांनी तोवर कुणालाच एवढे मार्क दिले नव्हते. पण हे त्या घरात कुणाला माहीत असणार? लग्न राहिलंच.

पास व्हायला पस्तीस लागतात, आणि मास्तरांच्या हाताखालून आजवर एकही मोटारसायकल पास झालेली नव्हती. त्यांची स्वतःची जुनी गाडी चौतीसवर अडकली होती. “आपली म्हणून ग्रेस देता येत नाही,” ते म्हणायचे.

एकट्या माणसाला छंद असावा, त्याला माझी ना नाही. माझा आक्षेप होता त्यांच्या शिष्यांना. हे बारा जण. एकही आयटीआयचा नाही. बहुतेक चांगले शिकलेले, नोकरीधंद्याला लागलेले, पोटं सुटलेले. दर रविवारी सकाळी सहाला हे बारा जण बारा गाड्यांवरून मास्तरांच्या दुकानापुढे जमायचे, पाऊण तास गाड्या जागच्या जागी धडधडत ठेवायचे, आणि मग शहराबाहेर वाघोलीला मिसळ खायला जायचे. मिसळ आमच्या पेठेत चालत दोन मिनिटांवर मिळते. पण चालत गेलं तर लेदरचं जाकीट कुणाला दिसणार?

आमच्या गल्लीच्या तोंडाशी बाळंतिणींचं हॉस्पिटल आहे. तिथली सिस्टर मला म्हणाली होती, “ताई, बाळाला दूध पाजून, थापटून झोपवावं, की यांची वरात येते. एक उठलं की सगळी उठतात.” या बारा जणांत एक डॉक्टर आहे. कान, नाक, घसा. पुन्हा लिहिते: कान.

आणि या आवाजाचं मूळ मास्तरांच्या दुकानात होतं. सायलेन्सरच्या आत आवाज दाबणारी एक भोकाभोकांची नळी असते, तिला पुंगळी म्हणतात. ती काढली की गाडी शेजारच्या पेठेत ऐकू जाते. ग्रुपमध्ये नवा माणूस आला की मास्तरांच्या दुकानात त्याच्या गाडीची मुंज लागायची. सायलेन्सरला कुंकू, टायरखाली लिंबू, नारळ फोडायचा, आणि मास्तर पान्यानं पुंगळी उपटून काढायचे. मग ती भिंतीवर खिळ्याला लटकायची, खाली मालकाच्या नावाची चिठ्ठी. लोक हरणाची शिंगं लावतात तशा या भिंतीवर बारा पुंगळ्या लटकत होत्या.

“मास्तर, हे बेकायदा आहे,” मी सांगितलं.

“उत्तर बरोबर, रीत चूक,” मास्तर म्हणाले. हे त्यांचं आवडतं वाक्य. देवानं समोर येऊन जगाचं रहस्य सांगितलं तरी ते हेच म्हणतील. “कायदा सांगू नका. कायदा पाठ करून कुणीही येतं. कारण सांगा.”

“गल्लीत हॉस्पिटल आहे. बाळं दचकून उठतात.”

मास्तरांनी लाल पेन काढलं. “हे कारण आहे. चार मार्क वाढवतो.”

साडेपंधरा झाले. रविवारी सहा वाजता पुन्हा बारा गाड्या.

तेव्हापासून त्यांनी माझं नावच बदललं. “या, आंदोलन!” म्हणून हाक मारायचे. “अहो आंदोलन, आज काय बंद पाडायचं?”

आणि मग ती नवी क्रूझर आली.

तिचं नाव मी लिहिणार नाही, फुकट जाहिरात करायला मी बसलेले नाही. साडेतीनशे सीसीची, बैठक खाली, पाय पुढे, हँडल रुंद. आरामखुर्चीला चाकं लावल्यासारखी. पण तिच्यात एक गोष्ट अशी होती की मी हातातली पत्रकं खाली ठेवली: ती आवाज करत नव्हती. शिवाय तिच्या सायलेन्सरला कुणी हात लावला की आतला कॉम्प्युटर रुसतो, मीटरवर पिवळा दिवा लागतो आणि वॉरंटी जाते. म्हणजे मुंज बंद. या बारा जणांनी ही गाडी घेतली असती, तर जे आमच्या तीन पत्रकांना, दोन निवेदनांना आणि पोलीस चौकीतल्या पाच फेऱ्यांना जमलं नाही, ते एका कारखान्यानं करून दिलं असतं. आयुष्यात प्रथमच मी कुठल्यातरी गाडीचा खप वाढावा म्हणून मनातल्या मनात प्रार्थना करू लागले. लाज वाटली. केली तरी.

बारा जणांना गाडी हवी होती हे उघड होतं. जुन्या गाड्यांनी कंबरडी मोडली होती. पण तसं कबूल कोण करणार? दुकानापुढे आठवडाभर परिसंवाद चालला.

“रिफाइनमेंट जबरदस्त आहे मास्तर,” निशांत म्हणाला. हा अकोल्याचा, वाघोलीत भाड्यानं राहतो, आयटीत आहे, ग्रुपमध्ये सगळ्यांत लहान. “क्लच तर एकदम बटर. पण कॅरेक्टर नाहीये.”

ज्यांना ऑफिसात मॅनेजरसमोर तोंड उघडता येत नाही, त्यांना गाडीत कॅरेक्टर लागतं, हे माझं जुनं निरीक्षण आहे.

“शिलाई मशीन हाय ती,” संपतशेठ म्हणाले. हे वाघोलीचेच, जमिनी इमारतींना दिल्या आणि आता दिवसभर मोकळे. “आवाजच न्हाई तर गावाला कळायचं कसं, संपतशेठ गेलं म्हणून? मागं वळून कोण बघंल?”

“न बघितलं तर काय होईल?” मी विचारलं.

“तायडे, मग जायचंच कशाला?”

डॉक्टरांचं मत असं पडलं की गाडी उत्तम आहे, पण ‘कानाला समाधान नाही’. मी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. त्यांनी मान फिरवली.

शेवटी सगळ्यांचं ठरलं ते एकच: मास्तर सांगतील तसं. मास्तरांनी पास केली तर बाराही जण बुक करणार. नापास केली तर जुन्याच गाड्या, जुनाच आवाज. चाळिशीतले कर्तेसवरते पुरुष, घरं घेताना बायकोचंही ऐकलं नसेल यांनी. पण गाडीसाठी लाल पेनाची वाट बघत बसले. माझी रविवारची सकाळ, हॉस्पिटलातली बाळं, सगळं त्या एका पेनाच्या टोकावर.

निशांतनं शोरूममधून रविवारपुरती गाडी मिळवली. मास्तरांनी परीक्षेची सगळी तयारी केली. पुठ्ठ्यावर कागद चिमट्यानं लावला, रकाने आखले: इंजिन, गिअर, ब्रेक, बैठक, वळण, शिस्त. मला म्हणाले, “आंदोलन, तुम्ही मागे बसायचं.”

“मी? का म्हणून?”

“प्रात्यक्षिक आहे. बाहेरचा परीक्षक लागतो. घरच्याच माणसांनी तपासलं तर पक्षपात होतो.”

मी बसले. तत्त्वात बसत नव्हतं, पण गाडी पास व्हायला हवी होती. मास्तरांनी हेल्मेट घातलं, दोन्ही आरसे रुमालानं पुसले आणि गाडी सुरू केली. पुढे जे झालं ते मी प्रामाणिकपणे लिहिते: मला काही ऐकू आलं नाही. म्हणजे बाकी सगळं ऐकू आलं. दूधवाल्याच्या किटल्या, कुणाच्या तरी रेडिओवरचं कीर्तन, हॉस्पिटलच्या गॅलरीत कुणीतरी बाळाला जोजवत म्हटलेलं काहीतरी. मी त्या गल्लीत जन्मले, आणि रविवारी सहा वाजता ती कशी वाटते हे मला माहीत नव्हतं.

मास्तर नगर रस्त्यानं चाळीसच्या वर गेले नाहीत. प्रत्येक सिग्नलला थांबले, पिवळ्यालाही. मागे बारा जणांच्या, म्हणजे निशांत दुसऱ्याच्या मागे बसला होता म्हणून अकराच गाड्यांच्या तोफा. मास्तर वाटेत एक शब्द बोलले नाहीत. फक्त खराडीच्या पुलावर डावा हात क्षणभर टाकीवर ठेवला आणि “अरेच्चा” म्हणाले. तेही हळूच.

वाघोलीत हॉटेलच्या पुढ्यात ते पुठ्ठा घेऊन उभे राहिले. बारा जण अर्धगोलात. तर्री आलेली तशीच, कुणी चमचा उचलेना.

“इंजिन,” मास्तरांनी वाचायला सुरुवात केली, “पंचवीसपैकी एकवीस.”

बारा जणांत कुजबुज. एकवीस! त्यांच्या स्वतःच्या गाड्यांना तिथं नऊ-दहाच्या वर मिळाले नव्हते.

“गिअर, पंधरापैकी बारा. ब्रेक, वीसपैकी पंधरा. बैठक, बाहेरच्या परीक्षकांचं मत काय?”

“उत्तम,” मी म्हणाले. मला शंभर द्यायचे होते.

“बैठक, दहापैकी सात. परीक्षकांना अनुभव नाही म्हणून एक कापला.” मग मास्तर थांबले. कागदाकडे बघत राहिले. बेरीज सोपी होती, पस्तिशी केव्हाच ओलांडली होती, निशांत तर बोटांवर मोजून हसायलाही लागला होता. मास्तरांनी पेनाला टोपण लावलं.

“निकाल राखून ठेवलाय,” ते म्हणाले.

“का हो मास्तर?”

“रीत तपासायची आहे.” आणि मिसळ खायला बसले. खाल्ली मात्र नाही, पावाचे तुकडे करत राहिले.

दोन दिवस मी वाट पाहिली. मंगळवारी संध्याकाळी सरळ दुकानात गेले. निकाल राखून ठेवायचा म्हणजे काय? अशी टोलवाटोलवी करणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिलेत. त्यांच्या दारात बसायची मला सवय आहे.

निशांत आधीच तिथे होता, उलट्या डब्यावर बसलेला. त्याच्या जुन्या गाडीतून ऑइल ठिबकत होतं आणि मास्तर खाली बसून वॉशर बदलत होते.

“आईला फोन केलास का?” मास्तर गाडीखालून विचारत होते.

“करतो ना जी मास्तर.”

“करतो नाही. केला का?”

“रविवारी केला होता.”

“आज मंगळवार. तिला अकोल्यात एकटीला काय वाटत असेल? कर आत्ता. आणि तो डबा घे, भाजी-भाकरी आहे. तू सकाळपासून ते कसलं पाकिटातलं खाल्लं असशील.”

निशांतनं तिथेच बसून फोन केला, डबा संपवला, बॉसबद्दल तक्रार केली, मास्तरांनी बॉसला अकरा मार्क दिले, दोघं हसले. दीड तास गेला. दीड तासात एक वॉशर. मग मास्तर हात पुसत म्हणाले, “चार दिवसांनी दाखवायला आण.” डॉक्टर म्हणतात तसं.

तो गेल्यावर मी म्हणाले, “मास्तर, हाच वॉशर गेल्या मंगळवारीही बदलत होतात तुम्ही.”

“बघत असता वाटतं?”

“समोर राहते. आणि बुधवारी डॉक्टर येतात, गुरुवारी संपतशेठ. रोज कुणाचं ना कुणाचं काहीतरी ठिबकतं, आणि एका खेपेत कधीच थांबत नाही.”

मास्तर उठले. टेबलावर नव्या गाडीचं माहितीपत्रक होतं, लाल रेघांनी भरलेलं. त्यांनी शेवटचं पान उघडून माझ्यापुढे धरलं. देखभालीचा तक्ता होता. एका ओळीखाली दोनदा रेघ.

“वाचा,” ते म्हणाले. “एकदा सर्व्हिस केली की वर्षभर काही मागत नाही ही गाडी. आणि मागितलं तर तिला लॅपटॉप लागतो, शोरूममधला. माझ्याकडे लॅपटॉप नाही. आंदोलन, मी हिचा सगळा पेपर तपासला. एकच दोष सापडला. ही बिघडत नाही.”

मला काय बोलावं कळायला हवं होतं. पण मला पत्रकांची सवय. मुद्दा दिसला की मी तो मांडते. “म्हणजे ही माणसं तुमच्याकडे यायची बंद होतील, म्हणून तुम्ही तिला नापास करताय. मास्तर, वर्गात कुणी असं केलं असतं तर तुम्ही त्याला बाहेर काढलं असतं.”

मास्तरांनी चष्मा कपाळावर ढकलला. नंतर बराच वेळ एकेक पाना उचलून मापाप्रमाणे भिंतीवर लावत राहिले. मी उभीच होते.

“जा आता,” ते म्हणाले. ‘आंदोलन’ म्हणाले नाहीत.

पुढच्या रविवारी सहाला बारा गाड्या आल्या. मास्तर पायरीवर उभे राहिले आणि त्यांनी हात वर करून सगळ्या बंद करायला लावल्या. हे पूर्वी कधी झालं नव्हतं.

“बहात्तर,” ते म्हणाले. “प्रथम श्रेणीत उत्तीर्ण. बुक करा.”

संपतशेठनी शिट्टी मारली. निशांतनं वाकून मास्तरांच्या पायाला हात लावला. डॉक्टर म्हणाले, “मास्तर, तुम्ही म्हणालात म्हणून हं, नाहीतर आवाज काय खास नाही.”

“आणि आपापल्या पुंगळ्या घेऊन जा,” मास्तर म्हणाले. “जुन्या गाड्या विकाल त्या आधी जागच्या जागी बसवून देतो. गल्लीत हॉस्पिटल आहे.”

त्या आठवड्यात दुकानात शेवटची गर्दी झाली. एकेक पुंगळी भिंतीवरून उतरली. आम्ही पत्रक काढलं: ‘कसब्याची सकाळ परत मिळाली!’ सिस्टरनं पेढे दिले. मी त्या पत्रकात संघटित नागरिकांच्या रेट्याबद्दल बरंच लिहिलं. मास्तरांचं नाव त्यात नव्हतं. जागा पुरली नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

नव्या गाड्या आल्या. बारा जण पुन्हा एकदा गल्लीत आले, मास्तरांना दाखवायला, पेढे द्यायला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की निम्मे जण राहतात वाघोलीकडेच. कसब्यापर्यंत यायचं आणि परत जायचं, हे उलटंच होतंय. आता ते परस्पर हॉटेलवर जमतात. मास्तरांना निमंत्रण असतं. निशांत फोन करतो, “मास्तर, या ना जी.” मास्तर म्हणतात, “बघतो.” जात नाहीत. यात कुणाचं चुकलं म्हणून पत्रक काढावं असं मला काहीच सापडलेलं नाही.

गेल्या रविवारी मला सहालाच जाग आली. कशानंच नाही. उगाच गॅलरीत गेले तर समोर दुकान उघडं. मास्तर आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून पायरीवर बसलेले, पान्यांची पेटी उघडी, शेजारी पाच-सहा डबे उलटे मांडलेले. गल्लीत एक मांजर. बाकी कुणी नाही.

मी खाली आले. भाजी आणायला मंडईत जायचं होतं, म्हणून आईची स्कूटर काढली. बिनगिअरच्या स्कूटरला मास्तर वाहन समजत नाहीत. तिच्याकडे त्यांनी आजवर पाहिलंही नव्हतं. मी समोरून जाऊ लागले तसे ते उठून उभे राहिले.

“अहो, जरा थांबा,” ते म्हणाले. “ही गाडी... बरी चालते का?”

“हो.”

“नाही, म्हणजे काही त्रास? चढावर दम लागतो, सकाळी सुरू व्हायला वेळ घेते, असं काही?”

तिचं सर्व्हिसिंग आठवड्यापूर्वीच झालं होतं. लोण्यासारखी चालत होती. मी गेली चार वर्षं पत्रकं लिहिते, आणि पुराव्याशिवाय एक ओळ छापलेली नाही, हा माझा अभिमान आहे.

“आवाज येतो,” मी म्हणाले. “मागून. कटकट असा. मला तर काही कळतच नाही.”

“बंद करू नका.” मास्तर लगबगीनं पुढे आले. पेटीतून लांब स्क्रू-ड्रायव्हर काढला, त्याचं टोक इंजिनावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकत राहिले. मीही ऐकलं. इंजिन इतकं स्वच्छ चालत होतं की हॉस्पिटलातलं एक बाळ नुसतं कुरकुरलं तेसुद्धा ऐकू आलं.

मास्तरांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मी मान खाली घातली नाही.

“येतोय,” ते म्हणाले. एक उलटा डबा फडक्यानं पुसून माझ्या पुढ्यात सरकवला. “बसा. चहा टाकतो. हे एका खेपेत व्हायचं नाही हं, तीन-चार रविवार तरी लागतील.”